बोल्ट वेगळा, बंदूक वेगळी

मामांच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. बंदूक भिंतीवर, बोल्ट आतल्या खोलीतल्या कपाटात. दोघांची गाठ पडायची ती फक्त दुरुस्तीच्या टेबलावर, आणि तीही मामांच्या डोळ्यांदेखत. बोल्ट म्हणजे बंदुकीच्या मागच्या बाजूला सरकणारा वीतभर लोखंडी दांडा. तो पुढे ढकलून दाबला की गोळी जागच्या जागी बंद होते. तो नसेल तर बंदूक म्हणजे नुसती काठी, पडदे अडकवायला बरी. हे मामांना त्यांच्या वस्तादांनी सतराव्या वर्षी शिकवलं होतं, आणि आता एकसष्टाव्या वर्षी मामा तेच गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना आणि पत्ता विचारायला दुकानात डोकावणाऱ्यांनाही शिकवत.

एकटी भाचीच काय ती या शिकवणीला बधत नव्हती. ती नेमबाज. गेली दोन वर्षं तिची निवड एकेका गुणाने हुकली होती, आणि हे तिसरं वर्ष. निवडीची स्पर्धा उद्या सकाळी नऊला, विमानाने दोन तासांवरच्या शहरात. त्याआधी आज संध्याकाळी पाचपर्यंत रायफल तपासणीच्या टेबलावर ठेवायची, तपासनीस ती पाहणार, शिक्का लावणार. पाचनंतर आलेल्या रायफलीला शिक्का नाही, आणि शिक्का नसलेल्या नेमबाजाचं नाव सरळ यादीतून बाहेर. रायफल मामांनी बसवलेली, म्हणून मामा सोबत. त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास.

"मामा, एक लक्षात ठेव," भाचीने आदल्या दिवशी बजावलं होतं. "पेटी मी भरली आहे. कागद मी केलेत. कुलपं मी लावणार. तू पेटीला हात लावायचा नाहीस."

"मी कशाला लावू?" मामा म्हणाले.

पण सकाळी ती अंघोळीला गेली आणि पेटी उघडी राहिली. मामांनी नुसतं डोकावलं. आत फोममध्ये नीट कापलेल्या खाचा होत्या. एकीत रायफल, आणि तिला चिकटून, बहिणीला बहीण बिलगावी तसा, बोल्ट. चव्वेचाळीस वर्षांत असलं दृश्य मामांनी पाहिलं नव्हतं. एका पेटीत दोन्ही! वाटेत पेटी कुणी पळवली तर? चोराच्या हाती आयती अख्खी बंदूक! त्यांनी बोल्ट उचलला, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळला आणि आपल्या खांद्यावरच्या पिशवीत स्वेटर आणि दाढीच्या डब्याच्या मध्ये ठेवला. रिकाम्या खाचेत पेटी खुळखुळू नये म्हणून एक मोजा कोंबला. तिकडे पोहोचल्यावर गुपचूप परत ठेवायचा, तिला पत्ताही लागणार नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता.

काउंटरवर पेटी उघडली तेव्हा भाची चार-चार प्रतींवर सह्या करण्यात गर्क होती. तिथल्या माणसाने नळी रिकामी आहे ना, एवढंच पाहिलं आणि झाकण लावलं. भाचीने कुलपं घातली. पट्ट्यावरून पेटी रबरी पडद्याआड गेली आणि मामांनी समाधानाने मान डोलावली.

सुरक्षा तपासणीत भाची पुढे होती. ती पलीकडे जाऊन बुटाची नाडी बांधू लागली. मामांची पिशवी मात्र यंत्रात शिरली ती बाहेर यायचं नाव घेईना. पट्टा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. पडद्यासमोर बसलेली गणवेशातली बाई पुढे वाकली, मग तिने शेजारणीला बोलावलं, आणि दोघी मिळून वाकल्या.

"काका, ही पिशवी तुमची?"

"माझीच. आणि काका नाही, मामा म्हणतात मला."

बाईने हातमोजे चढवले. स्वेटर बाहेर आला, दाढीचा डबा बाहेर आला, फडकं उलगडलं गेलं. "हे काय आहे?"

आता इथे शहाण्या माणसाने जरा विचार करून तोंड उघडलं असतं. पण कुणी बोल्टबद्दल विचारलं की मामांना राहवत नसे. "हा बोल्ट," ते खुलून म्हणाले. "घाबरू नका, ही बंदूक नव्हे. याच्याशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी."

"आणि बंदूक कुठे आहे?"

"ती गेली विमानात."

मागची रांग चार पावलं मागे सरकली. एका गृहस्थांनी बायकोला स्वतःच्या पुढे घेतलं की मागे, हे नक्की कळलं नाही. बाईने भिंतीवरचं बटण दाबलं.

आले ते तिथले साहेब, बारीक अंगाचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बोल्ट हातात घेतला, उलटसुलट केला आणि अशा कंटाळलेल्या आवाजात बोलू लागले की मामांना ओरडण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

"बंदुकीचा कुठलाही भाग आमच्या लेखी बंदूकच. नळी असो, बोल्ट असो, नुसती स्प्रिंग असो. केबिनमध्ये जात नाही."

"पण एकत्र ठेवणं धोक्याचं असतं हो. सुरक्षेसाठीच तर वेगळा काढला."

"सुरक्षेचं आम्ही बघतो," साहेब म्हणाले. "परवाना कुणाच्या नावावर?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही, कारण भाची परत आली होती. तिने साहेबांच्या हातातला बोल्ट पाहिला, मग मामांकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, तू पेटीला हात लावलास?"

मामांनी स्वेटरची घडी घातली. "नियम आहे आपला..."

"त्या जागी काय आहे आत्ता?"

"मोजा."

"मोजा!" भाची म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मामांना तिने चारचौघांत खडसावलं असतं तर बरं, असं वाटलं. "वस्ताद कधी विमानात बसले होते का रे? मी तुला एकच गोष्ट सांगितली होती. एकच."

साहेबांनी मार्ग सांगितले, तेही बोटांवर मोजून. सोडायला आलेल्या कुणाकडे द्यायचा, पण त्याच्याकडे परवाना हवा. तसं कुणी नव्हतं. काउंटरवर परत जाऊन पेटीत टाकायचा, पण पेटी खाली गेलेली. ती वर मागवली तर या विमानाने जाणार नाही, आणि पुढचं विमान उद्या दुपारी. नाहीतर तिसरं, बोल्ट इथे सोडायचा. फॉर्म भरायचा, पावती घ्यायची. सोडलेली वस्तू परत मिळत नाही, ती नष्ट होते.

"तुम्हाला हे माहीत होतं?" साहेबांनी भाचीला विचारलं. "असेल तर परवान्यावर नोंद करावी लागेल."

"तिला काही माहीत नाही," मामा मध्येच म्हणाले. "मी काढला. तिने नको म्हटलं होतं, तरी काढला. काय लिहून द्यायचं ते मी देतो."

ते त्यांनी लिहून दिलं. चार ओळी लिहायला त्यांना जितका वेळ लागला तितका एखादा ट्रिगर बसवायलाही लागत नसे.

"विमान पस्तीस मिनिटांनी आहे," भाची म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि डोळे भरल्याचा तिला संतापही येत होता. "मी तिकडे जाऊन काय करू? काठी ठेवू तपासणीच्या टेबलावर?"

मामा खाली बसले. त्या बोल्टवर त्यांनी दोन हिवाळे घालवले होते, रोज थोडं थोडं घासून. बोल्ट दुकानातून आणून ठोकून देण्याची वस्तू नव्हे. बंद झाल्यावर केसभर फट राहिली पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. दुसरा बोल्ट मिळाला तरी तो त्या रायफलीला बसवावा लागतो. आणि त्या शहरात तसला बोल्ट आणि तो बसवायची हत्यारं एकाच माणसाकडे होती.

त्याला सगळे डावऱ्या म्हणत. मामांचा गुरुबंधू. वस्तादांकडे दोघे एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून शिकले. चौदा वर्षांपूर्वी नेमबाजांच्या एका भरल्या बैठकीत मामा म्हणाले होते, की उलट्या हाताने घासलेला बोल्ट मी दाराची कडी म्हणूनसुद्धा लावणार नाही. लोक हसले. मग हळूहळू डावऱ्याची गिऱ्हाइकं मामांकडे आली, आणि डावऱ्या गाव सोडून त्या शहरातल्या नेमबाजीच्या मैदानावर हत्यारखाना सांभाळायला निघून गेला. तेव्हापासून दोघांत एक शब्दही झाला नव्हता. मामा घरात कुणाला त्याचं नावही काढू देत नसत.

त्यांनी फोन काढला. नंबर होता. चौदा वर्षांत तीन फोन बदलले, पण तो नंबर दर वेळी नव्या फोनमध्ये आला होता.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण? माझ्या ओळखीत बरेच मी आहेत." पण आवाज ओळखला होता, हे उघड होतं.

"मी रे. माझं एक काम होतं." भाची बघत होती, साहेब बघत होते, हातमोजेवाल्या बाईने तर काम थांबवलं होतं. "माझी चूक झाली. पोरीच्या रायफलीतला बोल्ट मी काढून हातातल्या पिशवीत ठेवला आणि इथे विमानतळावर तपासणीत सापडला. आता तो इथेच राहतोय. पाचच्या आत तिला दुसरा बसवून हवाय."

पलीकडून एक विचित्र आवाज सुरू झाला, आणि डावऱ्या हसतोय हे कळायला मामांना थोडा वेळ लागला.

"तिथे चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतलेले एक साहेब आहेत का?"

"आहेत."

"दोन वर्षांपूर्वी गावाहून परतताना माझाही तिथेच गेला," डावऱ्या म्हणाला. "अगदी असाच. फडक्यात गुंडाळलेला."

फोनचा आवाज मोठा होता. साहेबांनी चष्मा वर सरकवला. "डाव्या हाताने सही करणारे? त्यांनी आम्हाला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. बंदूक म्हणजे काठी वगैरे. असे अजून किती आहात तुम्ही?"

"वस्तादांचे आम्ही दोघेच," मामा म्हणाले.

"मग सुटलो," साहेब म्हणाले, आणि फॉर्म पुढे सरकवला.

"बोल्ट आहे माझ्याकडे," फोनवर डावऱ्या म्हणाला. त्याचं हसू ओसरलं होतं. "मी घासलेला आहे. उलट्या हाताने. चालेल का?"

"चालेल," मामा म्हणाले, आणि मग एवढ्याने भागणार नाही हे त्यांनाच जाणवलं. "चालेल काय, दे बाबा. हात जोडतो."

सही करण्याआधी मामांनी बोल्ट परत मागितला, मिनिटभरच. साहेबांनी बाईकडे पाहिलं, बाईने होकारार्थी मान हलवली. मामांनी फ्लॅनेलच्या फडक्याने सगळ्यांच्या बोटांचे डाग पुसले, टोकापासून मुठीपर्यंत.

"नष्टच होणार आहे तो," बाई जरा मऊ आवाजात म्हणाली.

"असू दे. पण तोवर गंजायला नको."

विमानात भाची अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसली. मग तिने मामांचा पट्टा सैल करून दिला, कारण त्यांनी तो पोट कापेल इतका आवळला होता. पहिल्या विमानप्रवासातलं मामांना पुढे काहीच आठवेना.

हत्यारखान्यात पोहोचेपर्यंत साडेतीन झाले. डावऱ्या पिकला होता, पण टेबल तसंच आवरलेलं, वस्तादांच्या टेबलासारखं. गळाभेट वगैरे झाली नाही. त्याने रायफल पेटीतून काढली, मोजा दोन बोटांत धरून मामांच्या हातात दिला आणि आपला बोल्ट त्या रायफलीत सारून पाहिला. घट्ट जात होता.

"तू घास," तो म्हणाला. "तुझी रायफल आहे."

मामांनी कानस उचलली. बोल्टवर टेकवली, ती दोनदा घसरली. सकाळपासूनचा सगळा दिवस त्या हातात उतरला होता. त्यांनी कानस खाली ठेवली. "मला जमायचं नाही आज. तूच कर."

डावऱ्याने ती डाव्या हातात घेतली. पाऊण तास खोलीत फक्त घासण्याचा आवाज होता. एक हात, मग माप लावून बघायचं, मग पुन्हा एक हात. मामा शेजारच्या स्टुलावर बसून ते बघत राहिले. एकदाही हात जास्त पडला नाही. साडेचारला भाची रायफल घेऊन धावत गेली.

पाचला पाच कमी असताना ती परत आली. रायफलीवर हिरवा शिक्का चिकटलेला होता, आणि सकाळनंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग होता. तिने सवयीने बोल्ट मागे ओढला, पुढे सारला, दाबला. थांबली. पुन्हा केलं.

"मामा, हा आधीच्यापेक्षा हलका जातोय, की मलाच तसं वाटतंय?"

डावऱ्या पाठमोरा होऊन टेबल पुसू लागला. टेबल केव्हाच पुसून झालं होतं.

"तुला नुसतं वाटत नाहीये," मामा म्हणाले. "हलकाच जातोय. माझ्या हातून असा कधीच बसला नाही." मग ते त्या पाठीकडे बघून म्हणाले, "आणि हे मला त्या बैठकीतही माहीत होतं."