आधी वाजवा, मग 'चालेल' म्हणा

मी एक जुना ट्रेलर आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा तुम्ही ठेवणार नाही. जुनी छत्री, जुना कंदील, मोडकी खुर्ची यांची आत्मवृत्ते तुम्ही शाळेत लिहिली असतील. ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. माझे मन तेवढे मोठे नाही. माझी चौकट लोखंडाची आहे आणि तिच्यात बराच राग मावतो.

हा राग आहे एका शब्दावर. 'चालेल' हा तो शब्द. तुम्हीही तो दिवसातून कितीदा तरी वापरता. दात नीट घासले नाहीत, चालेल. सायकलचा ब्रेक सैल आहे, चालेल. माझ्यासारख्या चाकांवरच्या प्राण्याला या शब्दाने काय काय भोगायला लावले, ते ऐका.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, खाली आस आणि दोन चाके. पुढे एक जाडजूड दांडा आणि त्याच्या टोकाला भोक. ते टोक जीपच्या मागच्या कडीत बसवायचे आणि दोन्हींतून वरून लोखंडी पिन घालायची. या एका पिनेवर जीपची आणि माझी सोयरीक टिकून असे.

वेल्डर तुसडा माणूस होता. मला न्यायला दोन भाऊ आले, तर त्यांना त्याने ताटकळत उभे ठेवले. हातोडी घेऊन तो माझ्या एकेका जोडावर ठोका मारी आणि कान देऊन ऐके. जोड पक्का असला की 'खण्ण' वाजे. एक जोड 'बद्द' वाजला. त्याने तो तोडला आणि पुन्हा केला. थोरला भाऊ म्हणाला, "अहो, एवढ्यानं काय होतंय?" वेल्डर पुढच्या जोडाकडे वळला. शेवटचा जोड खणखणीत वाजला तेव्हा त्याने हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "आता चालेल."

त्या वेळी त्या शब्दाला वजन होते, मित्रांनो. माल घेऊन चालेल, चढावर चालेल, उतारावरही चालेल, असा त्याचा अर्थ होता.

ते दोघे भाऊ सुतार होते. थोरला जीप चालवी आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारी. धाकटा लाकूडकाम करी. धाकट्याचा हात असा, की त्याने जोडलेल्या दोन फळ्यांच्या मध्ये नख शिरत नसे. त्याची कपाटे, पलंग, बाक मी घरोघरी पोहोचवले. एका नवरीचे टेबल मी खड्ड्याखड्ड्यांतून नेले आणि त्यावर साधा ओरखडा उमटू दिला नाही. लोक टेबलावरून हात फिरवत आणि धाकट्याला शाबासकी देत. मला कोणी काही म्हणत नसे. त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण काम चालू होते आणि मी तरुण होतो.

पण पाऊस आला की माझ्या अंगावरची ताडपत्री निघे आणि प्लायवूडवर जाई. "लाकूड फुगतं," धाकटा म्हणे. "हे लोखंड आहे, याला काय होतंय? चालेल." त्याच्या लाकडाला ओल लागली तर त्याला झोप येत नसे आणि माझ्या पट्ट्यांना फोड यायला लागले तरी त्याचे लक्ष नसे. मागचा दिवा गेला, चालेल. टायरला भेग पडली, चालेल. माझ्या पिनेचे तर त्यांनी पुरते वाटोळे केले. रंगाचे डबे उघडायला पिन, भोकात अडकलेली खुंटी ठोकून काढायला पिन. काम झाले की ती कुठल्या तरी भुशाच्या ढिगात पडून राही.

एका सकाळी ती सापडलीच नाही. माझ्यावर कपाट चढवलेले होते आणि थोरला जीपमध्ये बसून घाई करत होता. तेव्हा धाकट्याने काय केले असेल? सुतारच तो. त्याने कठीण लाकडाचा एक तुकडा घेतला, पटापट तासला आणि त्याची खुंटी केली. इतकी सुबक आणि इतकी मापात, की ती भोकात बसताना हवासुद्धा आत जाईना.

"जोडलं का रे?" थोरल्याने पुढून विचारले.

"हो, हो. चालेल."

चढावर जीप कण्हू लागली, म्हणून धाकटा खाली उतरला आणि मागून मला ढकलू लागला. तेवढ्यात खुंटी मोडली. मला ब्रेक नव्हता. मी मागे घसरत होतो, मागे तो होता, आणि मला ते कळत होते. कळून काय उपयोग, थांबायला मला हात थोडेच होते? त्याचा गुडघा माझ्या चाकाखाली आला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

माणसे जमली. थोरला धावत आला आणि विचारू लागला, "सुटला कसा हा?" धाकट्याने माझ्याकडे बघितले. अर्धी खुंटी रस्त्याकडेच्या गटारात पडली होती आणि अर्धी माझ्याच भोकात अडकून होती. त्याला ते पक्के माहीत होते. आणि तो म्हणाला, "गाड्यानं घात केला."

झाले. सगळे खापर माझ्यावर फुटले. त्याचा पाय पुढे कधी वाकलाच नाही. त्याची बायको म्हणाली, "तो मेला गाडा माझ्या डोळ्यांसमोर नको." मग माझी चाके काढून घेतली आणि मला त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या मागे ढकलून दिले. माझ्या पाठीवर ओल्या फळ्या रचल्या, पोटातून गवत वर आले. येणारे जाणारे मला दाखवून म्हणत, "हाच तो." मित्रांनो, गंज लागला म्हणून मी रडलो नाही. लोखंडाला गंज लागतोच. पण न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा वर्षानुवर्षे भोगताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत असे. आणि तो धाकटा, काठी टेकत रोज माझ्यासमोरून जाई आणि मान दुसरीकडे वळवी.

मग त्याची मुलगी आली. ती दातांची डॉक्टर झाली होती. मी असा अडगळीत पडलो तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. तिची आत्या, म्हणजे धाकट्याची मोठी बहीण, लांब एका तळ्याकाठी राहते. आत्या आता अंथरुणाला खिळली होती आणि फोनवर एकच विचारी, "तू येतोयस का रे?" धाकट्याला जाता येत नसे. बसच्या सीटवर त्याचा पाय मावत नाही आणि थोड्या थोड्या वेळाने आडवे पडल्याशिवाय कळ थांबत नाही. पायाचे निमित्त पुढे करून तो गावाबाहेर पडायचा थांबला होता. मुलीने ठरवले, की गाडीमागे जोडायची एक छोटी खोली बांधायची. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. वाटेत हवे तिथे थांबायचे, बाबांनी पाय सरळ करून पडायचे आणि पुन्हा निघायचे. त्यासाठी तिला चौकट हवी होती, आणि तिने नेमके मला शोधून काढले.

"त्या सांगाड्याचं नाव काढू नकोस," धाकटा म्हणाला.

सांगाडा म्हणाला मला. घरच्यांना वाटले, बिचारा घाबरतो. मला माहीत होते, की तो लाजतो आहे.

मुलीने ऐकले नाही. काका, म्हणजे तो थोरला, मदतीला आला तोच काळ्या रंगाचा डबा घेऊन. "वरून एक हात मारू, डॉक्टरीणबाई. कुणाला दिसतंय आतलं? चालेल."

"काका, कीड आत ठेवून मी दात भरत नाही," ती म्हणाली आणि तिने डबा बाजूला सारला.

तिने तोंडाला फडके बांधले, डोळ्यांना चष्मा लावला आणि तारेचा ब्रश घेऊन माझ्यावर तुटून पडली. गंजाचे पापुद्रे सुटत गेले. संशय आला तिथे ती स्क्रूड्रायव्हर टोचून बघे. दोन आडव्या पट्ट्या आतून कुजून कागद झाल्या होत्या. त्या तिने कापायला लावल्या आणि नव्या जोडून घेतल्या. मग तांबडा प्रायमर, तो वाळल्यावर रंग, नवी चाके, नवे दिवे. पिनही नवी आली, चकचकीत. मला बरे वाटले का? वाटले. पण रागही तेवढाच आला, कारण हे सगळे आधीच करता आले असते.

दांड्याचे भोक साफ करताना तिचा हात थांबला. "काका, इथं लाकडाचा भुसा कसा?"

"मुंग्यांनी आणला असेल," काका म्हणाले.

कारखान्याच्या खिडकीत धाकटा रंधा घेऊन बसला होता. रंध्याचा आवाज तेवढा वेळ बंद पडला आणि मग पुन्हा सुरू झाला. माझ्यावरच्या खोलीची एकेक फळी तोच तासून देत होता, मापाला पक्की, कोपऱ्याला अचूक. पण बसवायला कधी बाहेर आला नाही. आत्याचा आवाज फोनवर फार बारीक झाला, तेव्हा कुठे तो "येतो" म्हणाला.

निघायच्या सकाळी सामान भरले गेले. आत्याला फोन झाला. जीप मागे घेऊन कडीला टोक लावले आणि पिन कुठे आहे, तर पत्ता नाही. काकांनी ती ग्रीस लावायला काढली होती आणि कुठे ठेवली ते त्यांना आठवेना. त्यांनी खिसे उलटे केले, सीटखाली पाहिले आणि म्हणाले, "तार आवळू. चालेल."

"तार नको," मुलगी म्हणाली. मी सुटकेचा श्वास टाकला. पण तिलाही घाई झालेली होती. आत्याचा आवाज तिच्या कानात होता. ती खोलीत गेली आणि उरलेल्या सामानातून एक गोल लाकडी दांडी घेऊन आली. तिने ती भोकात घालून पाहिली. "बाबा, बघा, अगदी मापात आहे. तुमच्याच हातची. पुढच्या गावापर्यंत चालेल."

इतक्या वर्षांत मी एवढा कधी घाबरलो नव्हतो. तिच्या तोंडी तो शब्द मला सहन होईना. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

धाकटा काठी टाकून पुढे आला. त्याने ती दांडी उपसली आणि अंगणात लांब भिरकावली.

"नाही चालणार," तो म्हणाला.

"बाबा, अहो झालं काय?"

"त्या दिवशी मी हेच केलं होतं." तो माझ्या दांड्याला धरून उभा होता, कारण काठी खाली पडली होती. "पिन मिळेना, म्हणून खुंटी तासून घातली. चालेल म्हणालो. ती मोडली. गाड्याचा काही दोष नव्हता."

मुलीने माझ्या भोकाकडे पाहिले आणि म्हणाली, "तो भुसा." मग तिचा आवाज चढला. "लहानपणापासून मी या लोखंडाला शिव्या घालतेय, बाबा. आईनं मरेपर्यंत घातल्या. आणि तुम्ही ऐकून घेत होता?"

"हो," तो म्हणाला. "लाज वाटायची. गाड्याला थोडंच बोलता येतंय, असं वाटायचं."

मित्रांनो, या क्षणी माझा राग विरघळला असे मी लिहिले तर तुम्हाला आवडेल. पण तो विरघळला नाही. निम्मा कमी झाला असेल फार तर. आयुष्याची इतकी वर्षे गवतात गेली, ती कोण परत देणार?

मुलीने आत्याला फोन करून सांगितले, की आज नाही, उद्या निघू. ती बाजारातून नवी पिन घेऊन आली, सोबत अडकवायची साखळीसुद्धा. तोवर धाकटा माझ्यापाशी होता. वाकता येत नाही, म्हणून तो पाय लांब करून जमिनीवरच बसला. त्याच्या हातात हातोडी होती. माझ्या एकेका जोडावर तो ठोका मारी आणि कान देऊन ऐके. त्या तुसड्या वेल्डरची रीत तो विसरला नव्हता. इतकी वर्षे त्याला ती आठवत होती आणि त्याने ती वापरली नव्हती, याचाही मला राग आला. पण त्याचा कान माझ्या लोखंडाला टेकला होता आणि मी चोख वाजायचे ठरवले. खण्ण. खण्ण. दांड्यावर त्याने दोनदा मारले. खण्ण.

तुमच्या घरीही कुठेतरी माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल. त्याला पुसा, तेल द्या, त्याची पिन जागेवर ठेवा. आणि तुमच्या हातून काही मोडले, तर ज्याला तोंड नाही त्याच्यावर ढकलून मोकळे होऊ नका. त्यालाही ते कळत असते.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने स्वतःच्या हाताने पिन घातली, साखळी अडकवली आणि ओढून पाहिली. मुलगी स्टिअरिंगवर बसली होती. तिने काचेतून मागे पाहून विचारले, "बाबा, झालं?"

त्याने आणखी एकदा ओढून पाहिले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चालेल."

आणि मी चाललो.