कमानीबाहेरचा ताईत

मी ताईत बोलतोय. तोंड नाडीनं आवळलेलं असलं म्हणून काय झालं, बोलायचं ते बोलणारच.

माझा जन्म जपानमधल्या एका शिंतो देवळातला. शिंतो म्हणजे तिकडचा जुना धर्म. लाल रेशमी पिशवी आणि आत देवाचं नाव लिहिलेली लाकडी पट्टी, एवढाच मी. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून मला घेतात. श्रीनिवास कंपनीच्या कामाला तिकडे आला होता, त्यानं मला घेतलं. देणाऱ्या बाईंनी बजावलं, उघडायचं नाही आणि काम झालं की देवळात परत द्यायचं.

नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला, त्यांच्या घरी, त्याच्या बायकोनं, अश्लेषानं, मला देव्हाऱ्यात ठेवून चक्क हळदकुंकू वाहिलं. रेशीम कायमचं डागाळलं. राग नाही आला, घरचाच झालो ना. मग मी तिच्या पर्समध्ये राहू लागलो.

पाचव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. दवाखान्यात मी तिच्या उशाशीच होतो. माझा काडीचा उपयोग झाला नाही.

तिची आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "अगं, जन्मलंच नाही त्याचं सुतक कसलं? देवापुढे दिवा लाव." तिनं लावला. भाजी चिरली. तिसऱ्या आठवड्यात सायकल काढून ऑफिसला गेली. कुणी विचारलं की "ठीक आहे" म्हणायची. रडली नाही. मीही बधिरच होतो, खोटं कशाला बोलू?

मग श्रीनिवासनं इथलंच एक छोटं शिंतो देऊळ शोधून काढलं. "ताईत देऊन टाकू," म्हणाला. "सारखा नजरेसमोर नको."

रविवारी गेलो. लाकडी कमानीपाशी पांढऱ्या कपड्यांतले डच पुजारी उभे होते. आत सोडण्याआधी त्यांनी इंग्रजीत विचारलं, "गेल्या पन्नास दिवसांत घरात कुणाचा मृत्यू झालाय का?"

"नाही," श्रीनिवास म्हणाला.

"हो," अश्लेषा म्हणाली. "माझ्या बाळाचा."

पुजारी कमरेत वाकले. "मग आज आत येता येणार नाही. शोकाचे दिवस संपले की या. किती झाले?"

"एकतीस."

दोन तास गाडी हाकून दारातूनच परत, श्रीनिवास चिडणार असं मला वाटलं. तो तिथल्या बाकावर मटकन बसला.

"आपल्याला सुतक आहे रे, श्री," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसून रडली. पुष्कळ वेळ रडली.

मी अजून पर्समध्येच आहे. एकोणीस दिवसांनी मला परत देतील, मग रीतीप्रमाणे जाळतील. त्याचं मला काही नाही. फक्त तोवर कुणी तिला 'झालं गेलं विसर' म्हणू नका. तिच्या घरातलं माणूस गेलंय.