तीन बोटांची वाट

कर्रर्र! भरदुपारी विट्याच्या आमच्या घरात सगळी फोनची वाट बघत बसली होती. तेवढ्यात करकरला तो माझा गंजका आस. मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीचा गोल आहे. पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवून मला घडवलं. शाळेत माझ्याभोवती मुलांची झुंबड उडायची. पुढे माझा समुद्र फिकटला, आफ्रिकेला पोचा पडला आणि मी अडगळीत गेलो. तिथून मला दादासोंनी उचलून घरी आणलं. गुवाहाटीत त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे. विटा गाव काही माझ्यावर छापलेलं नाही. त्यांनी तिथे निळ्या पेनाने टिंब दिलं, मग गुवाहाटीवर बोट ठेवून लेकीला, साक्षीला, म्हणाले, "हितं तू, आन् तितं मी."

त्या सकाळी ते पुण्याहून विमानात बसले. साक्षीच्या आईने, स्वप्नालीने, पुण्यापासून गुवाहाटीपर्यंत दोरा धरला. जेमतेम तीन बोटं! हिशेबाने दोन हजार किलोमीटर भरले.

"विमानाला तीन तास. जेवणवेळेला पोचतील," ती म्हणाली.

"पोचल्याबिगर केरसुणीला हात लावायचा न्हाई," आजी बनुबाईंनी बजावलं. माणूस गावाला निघाला की लगेच घर झाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पूर्वी एसटी वेशीबाहेर गेली की झाडायचे. "आता इमानाची येस कुठं आस्ती गं?" म्हणत आजी हसल्या होत्या.

जेवणवेळ टळली. फोन लागेना. स्वप्नाली मला फिरवून पुन्हा पुन्हा दोरा धरत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, माझ्यावर वादळं छापलेली नाहीत, वाटेतले थांबेही नाहीत!

अचानक साक्षीला हुंदका फुटला. "आई, सकाळी मीच झाडलं. दोऱ्याचे तुकडे पडले हुते म्हणून. माझ्यामुळं पप्पांना काय झालं का गं?"

आजींनी तिला पोटाशी ओढलं. "न्हाई गं माझी बाय. म्हाताऱ्यांचं खूळ हाय त्ये." पण लगेच त्याच उठून देवापुढे दिवा लावायला गेल्या.

अंधार पडल्यावर फोन वाजला. "आगं, कोलकात्यात विमान बदलायचं हुतं. पावसानं दुसरं सुटंना, फोनबी बंद पडला. आत्ता उतरलो गुवाहाटीत."

"आवं, बदलायचं हाय म्हणून आदी सांगायचं न्हाई व्हय? हितं जीव टांगणीला लागलाय आमचा!" स्वप्नाली रडतरडतच भांडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंना टाकू नका. आसाला थेंबभर तेल घाला, अंगावरची धूळ पुसा. मात्र अंतर माझ्यावर मोजलंत, तरी वाट जाणाऱ्या माणसालाच विचारा.

स्वप्नालीने डोळे पुसले आणि हसत केरसुणी हातात घेतली. साक्षी दोरा बोटाला गुंडाळत माझ्यापाशी बसली होती. तिने मान वर केली.

"आई, पप्पांना जायला एक दिवस लागला. मग परत यायला वरीस का गं लागतं?"