केल्डमिअरची हाक

शेवटच्या साध्या दिवशी मी आणि बाबा कड्यावर बसून चिप्स खात होतो. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, ओहोटीची वेळ. या दिवशी आमच्या घराण्यातलं वडीलधारं माणूस समुद्राकडे तोंड करून आडनाव पुकारतं. ते आडनाव ज्या गावावरून आलं, ते केल्डमिअर तिथेच पाण्याखाली आहे. यॉर्कशरचा हा किनारा दर हिवाळ्यात ढासळतो. आधी शेतं गेली, मग चर्च, मग थडगी. वादळानंतर कड्याच्या मातीतून हाडं डोकावत. बाबांच्या आजीने ती एप्रनमध्ये गोळा केली होती.

"या वर्षी तू पुकार, हेट्टी," बाबा म्हणाले. "माझ्या छातीत दम नाही."

"लोक बघतायत, बाबा."

"लोक कुठले? ती डोरीन आणि तिचं कुत्रं."

डोरीन चहाच्या गाडीतून ओरडली, "पुकार की गं! तुझा बाप दरवर्षी घाबरवतो या कुत्र्याला, सवय झालीय त्याला."

मी हसले. "लग्न झालं, लीड्सला गेले. मी आता डेंटन. तुमचं आडनाव माझ्याकडे राहिलंय कुठे?"

"वेडी आहेस. आपले लोक गावात होते तोवर कुणीच केल्डमिअर नव्हतं. कुणी लंगडा टॉम, कुणी लोहाराचा जॉन. एकजण पोटासाठी शहरात गेला, तिथल्यांनी विचारलं, कुठला रे तू? तेव्हापासून आपण केल्डमिअर. गाव सोडतो त्यालाच गावाचं नाव लागतं."

मग काठी टेकत ते उठले. "केल्डमिअर! अजून आहोत!" आवाज मध्येच फाटला. कुत्रं भुंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात पडलेले सापडले. किटली भरलेली होती, बटण दाबायचं राहिलं होतं.

त्यांना दफनभूमीत आईशेजारी जागा हवी होती. पण तिथे आता कुणाला पुरत नाहीत, समुद्र फार जवळ आलाय. पुढेमागे आईलाही हलवावं लागेल, असं पाद्री खाली बघत म्हणाले.

म्हणून आज त्यांची राख घेऊन मी कड्यावर आले. डोरीनने मला पाहिलं आणि कुत्र्याला गाडीत घेतलं. वारा समोरून होता. राख सोडायला खाली वाळूवर उतरावं लागणार होतं. त्याआधी एक काम उरलं होतं, आणि ते करायला आता दुसरं कुणी नव्हतं.

डबा छातीशी धरून मी कडेला उभी राहिले.

"केल्डमिअर!" मी ओरडले. "अजून आहे! मी आहे!"