दोनदा दाबलेलं बटण

मी एक जुना ऑनलाइन अर्ज आहे. मित्रांनो, मला कागद नाही, शाई नाही. रायपूर छत्तीसगडची नवी राजधानी झालं, तेव्हा तिथल्या एका नर्सिंग प्रशिक्षण संस्थेसाठी मला घडवलं. चौदा रकाने, खाली एक बटण. लोक म्हणत, "कमाल आहे!" मी फुशारून जाई. पण एक रकाना जरी चुकला, तरी मी

(पान कोरं झालं. थांबा.)

मी एक जुना ऑनलाइन अर्ज आहे. हे असंच व्हायचं. बारीकसारीक गोष्ट विचारायलासुद्धा मी दूरच्या मोठ्या संगणकाकडे जाई. तोवर पडदा पांढरा. परत येई तेव्हा लिहिलेलं सगळं पुसलेलं, आणि माणसं पहिल्यापासून

(पान कोरं झालं. थांबा.)

तर रायपुरातल्याच भनपुरी भागातल्या एका इंटरनेट कॅफेत मंजिरी नावाची मुलगी वडिलांना, दिवाकररावांना, घेऊन आली. शेवटची तारीख होती. वयाच्या अटीमुळे तिच्याकडे दोनच संधी होत्या, ही पहिली. तिने रकाने भरले आणि म्हणाली, "बाबा, बटण तुम्ही दाबा." शुभ कामाला मोठ्यांचा हात लागावा, ही त्यांच्या घरची रीत.

दिवाकरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी बटण दाबलं. मी पांढरा. त्यांनी पुन्हा दाबलं.

"बाबा, दोनदा काहून दाबलं?"

"एक शिक्का त्यायच्या पावतीवर, एक आपल्या."

मी दोन अर्ज पोचवले. एका नावाचे दोन अर्ज म्हणजे दोन्ही रद्द, असा संस्थेचा नियम होता.

यादीत नाव आलं नाही, म्हणून मंजिरी संस्थेत गेली. तिथे गंधाली नावाची ताई माझी देखभाल करायची. मंजिरी म्हणाली, "दीदी, पान पांढरं झालं त माणूस काय करन?"

गंधाली माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे. चूक याचीच आहे." मला फार लाज वाटली.

त्या वर्षीची यादी बदलता आली नाही. गंधालीने मला मात्र बदललं. आता पुष्कळसं काम मी समोरच्या संगणकावरच करतो. चूक झाली की त्याच रकान्याखाली लाल रेघ येते, बाकीचं जिथल्या तिथे राहतं. हवी तेवढीच माहिती मागवतो, म्हणून पान कोरं होत नाही. पहिल्यांदा उघडताना मात्र जास्त वेळ घेतो. अंगाने भरलोय ना!

पुढच्या वर्षी तोच कॅफे, शेवटची संधी. नवव्या रकान्यापाशी मंजिरी ओरडली, "भैया, नेट गया!"

"रुको दीदी, आता है," कॅफेवाला म्हणाला.

ती डोळे मिटून बसली. नेट आलं. नऊच्या नऊ रकाने भरलेले होते, मी ते जपून ठेवले होते. तिने उरलेले पाच भरले, मग दिवाकररावांनी बटण दाबलं आणि सवयीने पुन्हा दाबलं. पण पहिल्याच दाबाला मी बटण मिटून घेतलं होतं. पडद्यावर आलं: 'तुमचा अर्ज पोचला.'

"अवं, हे त हालतच नाही!"

"हव बाबा, त्याले आता एकदाच पुरते."

मंजिरीला प्रवेश मिळाला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारखं काही घडवेल. जरूर घडवा. फक्त आधी, जो ते वापरणार आहे त्या माणसाशेजारी थोडा वेळ बसा आणि त्याची बोटं नीट बघून घ्या.