दहा लिटरची बादली

सहा वर्षं माझा नेम चुकला नव्हता. पहाटेची प्रार्थना झाली की झऱ्यावर जायचं, दगडी पन्हळीखाली पत्र्याची दहा लिटरची बादली धरायची, ती भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं. तोवर तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बादली तीच, वेळ तीच, जागा तीच. पाणी समितीनं काम सोपवलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, हे देवाचं काम.

आकडाही इमानी निघाला. तीस सेकंद, कधी एकतीस, कधी एकोणतीस. डोंगरमाथ्यावरचा बर्फ हल्ली ऐन थंडीतच वितळून जायचा. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळायचा आणि उतारावरून दरीकडे धावत सुटायचा, जमिनीत मुरायला त्याला फुरसतच नसायची. खालच्या वस्तीतले दोन झरे आटले. आमचा मात्र तीसचा तीसच. बाया म्हणायच्या, "धाकटीच्या नेमाचं फळ." मी नको नको म्हणायचे, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

त्याच आकड्यांवर गावच्या बैठकीनं माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या लॉजमागे बोअर घ्यायची परवानगी दिली. झऱ्याच्या बरोब्बर वर, शंभर पावलांवर. कागदावर माझी सही होती: झऱ्याचं पाणी घटलेलं नाही.

तरी आठवडाभर जीव थाऱ्यावर नव्हता. पन्हळीजवळचं शेवाळ तपकिरी पडलं होतं, धारेचा आवाज बारीक झाल्यासारखा वाटत होता. जप करताना दोनदा मधेच मोजणी विसरले. बोअरची गाडी यायची त्या सकाळी मला राहवेना. लिटरच्या खुणा असलेला दुधाचा कॅन सोबत नेला आणि पन्हळीखाली धरला. दहाची खूण गाठायला त्रेचाळीस सेकंद लागले. पुन्हा धरला. त्रेचाळीस.

मग कॅनमधलं पाणी बादलीत ओतलं. बादली काठोकाठ भरली आणि कॅनमध्ये तीन लिटर अजून शिल्लक होतं.

तशीच घरी धावले. हे आरशासमोर दाढी करत होते. हे गवंडी.

"अहो, बादलीच्या तळाला सिमेंट किती वेळा घातलंत?"

"गळायला लागली की घालायचो. चार-पाचदा घातलं असेल. तूच म्हणायचीस ना, नेमाची बादली आहे, बदलायची नाही. का, परत गळतेय?"

"त्यात सातच लिटर मावतं."

त्यांचा ब्रश गालावरच थांबला. "म्हणजे तुझी वही..."

"खोटी. झरा घटत होता आणि बादलीही घटत होती. दरवर्षी ती जड लागायची, तर मी वयाला बोल लावत होते."

"आता गप्प राहा. गाडी वर गेलीसुद्धा. वहिनी तुला उभी चिरतील."

मी चढ चढायला लागले. मोजणी झाली होती, तरी पाणी प्यायचं सुचलंच नाही. वरून मशीन सुरू झाल्यासारखी घरघर ऐकू आली आणि मी पाय उचलला. तो ट्रकचाच आवाज होता. गाडीवरचा लोखंडी मनोरा उभा राहत होता. जाऊबाई पदर खोचून जागा दाखवत होत्या.

"ये गं धाकटे! उद्यापासून पाहुण्यांना बादल्या पुरवायच्या नाहीत. कंबर मोडली माझी."

"ताई, थांबवा. माझं माप चुकलंय."

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"सहा वर्षं देवाचं नाव घेऊन मोजलंस आणि एकदा आत डोकावली नाहीस?"

"नाही ताई. बादली तीच आहे ना, एवढंच बघत राहिले."

"मग आजही तेच बघ! माझी माणसं आलीत, मशीन आलंय." त्या मशीनवाल्याकडे वळल्या. "तुम्ही लावा हो."

त्यानं खिशातून परवानगीचा कागद काढला. "मावशी, ही सही तुमची?"

"माझीच. पेन द्या."

"धाकटे!" जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. "बैठकीसमोर काय सांगशील? लोक तुझ्या नेमावर थुंकतील."

"थुंकू दे. खाली तीस घरं आहेत, ताई. वर भोक पाडलं तर हेच पाणी खालून नाहीसं होईल."

त्यांनी हात सोडला. मी सही खोडली आणि खाली लिहिलं, मोजणी चुकीची. मशीनवाल्यानं कागद दोनदा वाचला. "एका गावात झरा बंद पडला तर लोकांनी मला गाडीसकट अडवून ठेवलं होतं. सहीशिवाय मी नाही लावणार." त्यानं मनोरा खाली घ्यायची खूण केली.

जाऊबाई लॉजच्या रिकाम्या टाकीला टेकून बसल्या. "आणि माझ्या नळाला काय, तुझा जप येणार?"

"झऱ्यावरच्या आमच्या पाळीतलं अर्धं पाणी तुम्ही घ्या."

"अर्ध्यात तुमचं भागेल?"

मी बोटांवर आमच्या घरचे हंडे मोजू लागले.

"बघ," त्या म्हणाल्या, "हेही तू न मोजताच बोललीस."