अंगठीने दाखवलेला चोर

इमारतीच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पाण्याच्या प्रश्नावर सभा बोलावली की चार टाळकी जमतात. आज मात्र चोर बघायला मिळणार होता, तोही फुकट. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सोन्याची साखळी कपाटातून गेली होती आणि ती शोधायला खुद्द अंगठी महाराज अवतरले होते.

टेबलावर सगळ्या रहिवाशांचे फोटो गोल मांडलेले. काकूंच्या चिमटीत दोरा, दोऱ्याच्या टोकाला अंगठी.

"मी कोण सांगणारा, माई?" महाराज म्हणाले. "सोन्याला सोन्याचा वास येतो. जिकडे साखळी, तिकडे अंगठी. हात फक्त स्थिर ठेवा."

अंगठी थरथरली, डोलली आणि तळमजल्यावरच्या वेल्डरच्या फोटोकडे झोके घेऊ लागली. सभागृह धन्य झालं. वेल्डरच्या गालावर भाजल्याचा लांबलचक व्रण आहे. चोराला याहून शोभणारा चेहरा सरकारी खर्चानेही मिळाला नसता.

"मी म्हणतच होते!" काकू ओरडल्या. "थोबाडच सांगतं की!"

"पोलीस कशाला मधे? संध्याकाळच्या आत खोली खाली कर," अध्यक्षांनी निकाल दिला.

वेल्डर दारातच उभा होता. "साहेब, पोरीची परीक्षा चालू आहे. आता कुठं जाऊ तिला घेऊन?"

"हात मारताना पोर नाही आठवली?" गर्दीतून कुणीतरी.

काकूंचे भाचेजावई म्हणजे सौजन्याचा पुतळा. शर्टाला कडक इस्त्री. "मीच टेम्पो बघतो," म्हणत ते लगबगीने बाहेर पडले. दोघातिघांनी वेल्डरचं सामान जिन्यात काढून ठेवलंसुद्धा.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या. "महाराज, एकदा फोटो पाकिटात घालून करू या. वासच घ्यायचा तर कागद काय आड येणार?"

"अश्रद्धेने शक्ती कोमेजते, ताई."

पण गर्दीला दुसरा खेळ हवाच होता. "होऊन जाऊ द्या!"

बाईंनी कोपऱ्यात जाऊन सारख्या पाकिटांत फोटो भरले, गोल मांडले आणि काकूंच्या कानात कुजबुजल्या, "उजवीकडचं वेल्डरचं."

अंगठी उजवीकडे धावली. बाईंनी पाकीट फोडलं. आतून, स्वतःच्या जाहिरातीच्या कागदावरून, महाराज आशीर्वाद देत होते.

"काकू मुद्दाम करत नाहीत," हशा ओसरल्यावर बाई म्हणाल्या. "मनात जे असतं तिकडे बोटं नकळत किंचित हलतात. लांब दोऱ्यामुळे ती हालचाल मोठी दिसते. अंगठीने चोर नाही, काकूंचा संशय दाखवला. आता सांगा, कपाटाचं कुलूप तुटलं होतं?"

"नाही हो."

"मग दुसरी किल्ली कुणाकडे?"

"भाचेजावयांकडे. पण ते कसे..."

महाराजांची ध्यानाची वेळ झाली. पोलिसांना मात्र वेळ होता. टेम्पो बघायला गेलेले भाचेजावई बसस्थानकावर सापडले. साखळी त्यांच्याच बॅगेत होती.

"मला पहिल्यापासून वाटायचं," अध्यक्ष म्हणाले, "इतकी इस्त्री बरी नव्हे!"

"म्हणजे पुन्हा थोबाडच!" बाईंनी कपाळाला हात लावला.

वेल्डरने जिन्यात काढून ठेवलेलं सामान एकट्यानेच आत नेलं. पोरगी दुसऱ्या दिवशी पेपरला गेली. माफी मागायला कुणी गेलं नाही. सगळे भाचेजावयांच्या इस्त्रीवर बोलण्यात गुंतले होते.

तेव्हा मंडळी, चोरी झाली तर कुलूप बघा, किल्ली कुणाकडे ते विचारा, पोलिसांत जा. चेहऱ्यावरून चोर ओळखण्याची विद्या कुणालाच येत नाही. ती येते असं वाटणाऱ्यांमुळे महाराजांचं पोट भरतं, आणि कुणाचं तरी सामान जिन्यात येतं.